उताराची मिरवणूक

दार ओढून घ्या आधी. एप्रिल उजाडला तरी डोंगरावरचा वारा काही ऐकत नाही, आणि स्टोव्हमधलं रॉकेल मिरवणूक समितीच्या पैशाचं असलं म्हणून फुकट घालवू नये. सोसुके, ती गाठ सोड. चिलखताची दोरी आहे ती, बुटाची नाडी नव्हे. बँकेत साहेब असशील, इथे माझ्यासमोर नीट गाठ मार.

आणि मघाशी म्हणालास ना, की शनिवारी मिरवणूक संपल्यावर गाडी मिळाली नाही तर चिलखतं अंगावर घालूनच चढ चढून येऊ, ते पुन्हा म्हणू नकोस. हसू नका. म्हाताऱ्याचं खूळ वाटतं तुम्हाला. वाटू दे. पण ज्याच्यावर हे गुदरलं तो माणूस काल दुपारी याच स्टोव्हमध्ये रॉकेल भरून गेला.

आपला शिगे. शिगेयोशी मुकोयामा. घरोघर रॉकेल पोचवणारा, पांढऱ्या छोट्या ट्रकवाला. त्यानं हे मला एकदाच सांगितलं, गेल्या डिसेंबरात, साकेची बाटली संपत आल्यावर. त्यातलं मी काही वाढवत नाही. कमी केलं असेल तर तुमच्या झोपेसाठी.

गेल्या वर्षीची मिरवणूक. एप्रिलची बारा तारीख, शनिवार, पौर्णिमेआधीची रात्र. शिगेकडे काम अगदी साधं होतं. नदीकाठच्या तंबूत सरदाराचं चिलखत पडलं होतं. ते पेटीत भरायचं, पेटी ट्रकात घालायची आणि मागच्या, पीचच्या बागांमधल्या रस्त्यानं वर देवळाच्या कोठीत नेऊन ठेवायची. अर्ध्या तासाचं काम.

मागच्याच रस्त्यानं का, ते तुम्हाला शाळेत शिकवलंय. सरदार मोतोत्सुगु किल्ल्याच्या दरवाज्यातून निघाला, आपल्या मोठ्या रस्त्यानं खाली उतरला, नदी ओलांडून लांबच्या मुलखात, पांढऱ्या वाळूच्या नदीकाठी लढाईला गेला, आणि एकही माणूस परत आला नाही. म्हणून आपली मिरवणूक फक्त उतरते. नदीकाठी चिलखत उतरवायचं, घरचे कपडे घालायचे, आणि बागांमधून आपापल्या घरी जायचं. मोठ्या रस्त्यानं चिलखत घालून वर कोणी येत नाही. माझे आजोबा आले नाहीत, मी आलो नाही.

शिगेलाही हे ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याची चूक कमी आणि समितीची जास्त.

तीस वर्षं तो मिरवणुकीत चालला. तीसही वर्षं मागच्या रांगेतला भालेकरी. डोक्यावर ती पसरट टोपी, त्यात तोंड दिसत नाही. त्याची आई, तोमिए बाई, माडीच्या खिडकीत बसून हात हलवायची. गुडघे गेल्यापासून ती खाली उतरत नव्हती. दर वर्षी रात्री जेवताना शिगेला विचारायची, "डावीकडचा तिसरा तू ना?" शिगे म्हणायचा, "हो." एकदाही तो डावीकडचा तिसरा नव्हता. तीस वर्षं म्हातारी भलत्याच माणसांना हात हलवत होती.

सरदाराचा मान आपल्याकडे वयानुसार येतो. गेल्या वर्षी तो शिगेचा होता. समितीच्या अध्यक्षांनी दिवाळखोर माणसासारखा तोंड भरून शब्द दिला होता. म्हातारीनं डॉक्टरला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, टपाल आणणाऱ्यालाही सांगितलं. सरदार घोड्यावर असतो, त्याचं तोंड उघडं असतं. या खेपेला चुकायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांनी शिगेला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आईचं हृदय दमलंय, पुढचा वसंत धरून चालू नका.

आणि फेब्रुवारीत समितीनं टोकियोचा एक नट ठरवला.

शिगे अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष संत्रं सोलत बसले होते.

"अरे, टीव्हीवरचा माणूस आहे," ते म्हणाले. "बाहेरगावची गर्दी होईल. तुला बघायला कोण येणार?"

"माझी आई."

"त्या कुठे येतात? त्या तर घरातच असतात."

"घरासमोरूनच जाते ना मिरवणूक."

"मग झालं की. मिरवणूक दिसेलच त्यांना." अध्यक्षांनी एक फोड तोंडात टाकली. "पुढच्या वर्षी तू. नक्की."

"पुढच्या वर्षी ती नसली तर?"

अध्यक्ष घड्याळाकडे बघायला लागले. वर शिगेलाच काम लावलं, नटाला चिलखत चढवायचं. कारण गाठी त्याला येतात. तोंडचा घास काढून घ्यायचा आणि वर म्हणायचं, जरा वाढायला मदत कर. राग यायचाच. मला तर ऐकून आला.

बरं, नट वाईट असता तरी बरं झालं असतं. तो निघाला सज्जन. प्रत्येक गाठीला "आभारी आहे" म्हणत होता. शिगेला धड चिडताही येईना. दुपारी नट घोड्यावर, आणि शिगे नगरपालिकेचा निळा विंडचीटर घालून घोड्याच्या बाजूनं, हातात पाण्याची बाटली.

घरासमोर आले. खिडकीतून म्हातारी अर्धी बाहेर वाकली होती. तिनं हाक मारली, "शिगे!"

नटानं वर बघितलं. सज्जनच तो. छातीवर हात ठेवून वाकला, हात हलवला. म्हातारी रडायला लागली, हसायला लागली. शिगे घोड्याच्या पलीकडे होता. त्याला सगळं दिसत होतं.

रात्री घरी गेला तेव्हा तिला कळलेलं होतं. शेजारणीनं सांगितलं होतं. या शेजारणींना झोप कशी लागते कोण जाणे. भोपळा घातलेल्या जाड शेवया पुढ्यात निवत होत्या.

"मग तू कुठे होतास?" तिनं विचारलं.

"घोड्याशेजारी."

"कुठल्या बाजूला?"

"पलीकडच्या."

"म्हणजे घोड्याआड."

"हो."

तिनं शेवया ढवळल्या. मग म्हणाली, "असू दे. तीस वर्षं दिसला नाहीस, त्यात आणखी एक."

तेवढ्यात अध्यक्षांचा फोन. नट संध्याकाळच्या गाडीनं गेला, चिलखत तंबूतच राहिलं, सगळे जेवणावळीत बसलेत, शिगे, तेवढं तू बघ. शिगे उठला. शेवया तशाच राहिल्या.

तो नदीवर पोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते. काठावर कोणी नव्हतं. चंद्र चांगला वर आला होता, पाणी स्पष्ट दिसत होतं. तंबूत पेटी उघडी, चिलखत चटईवर मांडलेलं. शिगेनं एक तुकडा उचलला, पेटीत ठेवला. दुसरा उचलला. आणि थांबला.

मला तो म्हणाला, "काका, ठरवलं असं काही नाही. हातच पेटीकडे जाईनात."

त्याच्या मनात एवढंच होतं की हे अंगावर घालून एकदा खिडकीखाली उभं राहायचं. वर तोंड करून म्हणायचं, आई, हा बघ मी. मग लगेच उतरवायचं. कोणाला कळणार होतं? गावात समितीच सगळे नियम मोडत होती, मानाचा क्रम मोडला, शब्द मोडला. मग चढाचा नियम त्यानंच एकट्यानं का पाळायचा? विचार चुकीचा होता, पण मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

सरदाराचं चिलखत चढवायला दोन माणसं लागतात. त्यानं एकट्यानं चढवलं. अर्धा तास लागला. शिरस्त्राणाची दोरी हनुवटीखाली आवळली आणि मोठ्या रस्त्याला लागला.

सुरुवातीला काही नाही. गवती चपलांचा आवाज, लोखंडी पट्ट्यांची खळखळ. त्याला जरा हसूही आलं म्हणे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी पोरखेळ.

चढाच्या पायथ्याशी ते चोवीस तास उघडं दुकान आहे ना, माणूस जवळून गेला की ज्याचं काचेचं दार आपोआप उघडतं आणि घंटी वाजते, त्याच्यापाशी तो आला. दार उघडलं. टिंग-टाँग. आत गल्ल्यावरचा मुलगा मान खाली घालून मोबाइल बघत होता. शिगे पुढे गेला. दार मिटायला लागल्याचा आवाज आला.

टिंग-टाँग.

शिगे चालत राहिला. वारा असेल.

टिंग-टाँग. टिंग-टाँग.

पन्नास पावलं पुढे गेला तरी दार मिटत नव्हतं. मिटायला यायचं, पुन्हा उघडायचं. मागून कोणीतरी जात होतं. मग आणखी कोणीतरी. मग घंटी सलग वाजायला लागली...

आणि मग गल्ल्यावरच्या मुलाचा आवाज आला, "या, या, आपलं स्वागत..." रोजच्या सवयीनं म्हणाला बिचारा. अर्ध्यातच थांबला.

शिगेनं मागे बघितलं नाही.

वास आला. नदीच्या चिखलाचा, घोड्यांच्या घामाचा. आवाज आला म्हणावं तर तसा नाही. पावलं वाजत नव्हती. ओला कपडा फरशीवर ओढावा, तसं काहीतरी... फार लांबपर्यंत.

कानेकोंच्या घरचा कुत्रा, अख्ख्या आळीला झोपू न देणारा. तो त्या रात्री भुंकला नाही. घराच्या मागच्या बाजूला बारीक कण्हत होता.

 शिगेला वाटलं, थांबावं. बाजूला व्हावं, जे काही आहे ते पुढे जाऊ द्यावं. थांबायला गेला. पाठीला काहीतरी टेकलं. ढकललं नाही कोणी. नुसतं टेकलं. गर्दीत मागचा माणूस टेकतो ना, तसं.

तो चालत राहिला.

तांदळाच्या गिरणीपाशी वळण आहे. तिथे खांबावर गोल आरसा आहे, गाड्यांसाठीचा. शिगेला त्यात बघायचं नव्हतं. डोळे आपोआप गेले.

आरशात तो स्वतः दिसला. एवढासा. शिरस्त्राणाची शिंगं चमकत होती. मागे रस्ता... रस्त्याच्या मधोमध पांढरा पट्टा आहे, तुम्हाला माहीत आहे. गेल्याच वर्षी नवा मारलेला. चांदण्यात सुईसुद्धा दिसली असती.

पट्टा दिसत नव्हता.

तोंडं दिसली नाहीत, भाले दिसले नाहीत. फक्त पट्टा नव्हता. नदीपर्यंत नव्हता.

...

स्टोव्ह जरा मोठा कर, सोसुके.

मग घर आलं. माडीवर दिवा होता. म्हातारी खिडकीत बसलेली. झोप लागत नसेल, मनाला लागलेलं होतं ना. शिगेनं तोंड वर केलं. चांदणं सरळ चेहऱ्यावर पडत होतं. एवढ्याचसाठी तर आला होता तो.

"आई..."

आवाज फुटला नाही. पुन्हा प्रयत्न केला. नुसता श्वास.

तोमिए बाईनं त्याच्याकडे बघितलं. नीट बघितलं. आणि तिनं दोन्ही हात टेकून कपाळ खिडकीच्या चौकटीला लावलं. मुलाला कोणी असा नमस्कार करतं का? मालकाला करतात.

मग तिनं डोकं वर उचललं आणि त्याच्या मागे बघायला लागली. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून. एकेक करून. मान हळूहळू फिरत होती... डावीकडून उजवीकडे... पुन्हा डावीकडे. कोणालातरी शोधत होती.

शिगेला ओरडायचं होतं, की मी इथे आहे, पुढे आहे, तू मागे काय बघतेस. पण पाठीला टेकलेलं तसंच होतं. पाय चालत राहिले. खिडकी मागे गेली.

वर किल्ल्याच्या दरवाज्याची नुसती दगडी जोती उरलीत. तिथे तो पोचला आणि गुडघ्यांवर बसला. ते दोन्ही अंगांनी त्याच्या बाजूनं पुढे गेले. किती वेळ, त्याला सांगता येईना. गार लागत होतं एवढंच म्हणाला. उजाडायच्या आधी केव्हातरी ते थांबलं. चेरीच्या पाकळ्यांचा खच पडला होता, त्यावर एक पाऊल नव्हतं. त्यानं तिथेच चिलखत उतरवलं, खाली जाऊन ट्रकातून पेटी आणली, त्यात भरून ते कोठीत ठेवलं, आणि घरी गेला.

तुम्हाला वाटलं संपलं. मलाही तसंच वाटलं होतं, मी त्याला बाटलीतलं उरलेलं ओतायला गेलो तर त्यानं पेल्यावर हात ठेवला.

सकाळी म्हातारी स्वयंपाकघरात होती. गुडघे गेलेली बाई जिना उतरून खाली आली होती. शिगे दारात उभा राहिला.

"काल रात्री सगळे परत आले," ती म्हणाली. "मालक सगळ्यांत पुढे. मी प्रत्येकाचं तोंड बघितलं. माझा शिगे तेवढा नव्हता."

"आई, पुढे होता तो मीच."

ती त्याच्याकडे बघून हसली. परक्या माणसासमोर हसतात तसं, तोंडावर हात धरून.

"तुम्ही चांगले आहात. माझं मन राखता," ती म्हणाली. "रॉकेल द्यायला आलात ना? डबा अंगणात आहे."

डॉक्टर म्हणाले, वय झालं, असं होतं. कसलं असं होतं? तिला बाकी सगळं आठवत होतं. मुळ्याचं लोणचं किती दिवसांनी उघडायचं ते, अध्यक्षांच्या बापानं कोणाच्या शेताचा बांध सरकवला ते, शिगेला लहानपणी कोणत्या पायाला विळा लागला ते. शिगेनं पॅन्ट वर करून तो व्रण दाखवला. "अगं बाई, तुम्हालाही तिथेच लागलं?" ती म्हणाली आणि त्याला हळद-पाण्यासारखं काहीतरी लावायला उठली. भिंतीवर डोकं आपटावं असं वाटलं त्याला. तो फोटो दाखवायचा, ती म्हणायची, हा माझा मुलगा, अजून यायचाय. तो रागावला की म्हणायची, तुमच्या आईनं तुम्हाला चांगलं वळण लावलेलं दिसत नाही.

आणि त्या दिवसापासून रोज रात्री ती दारात पाय धुवायचा लाकडी टब भरून ठेवायला लागली. शेजारी कोरडा पंचा. लांबून चालत येणाऱ्यासाठी, पूर्वी ठेवायचे तसा. रोज सकाळी शिगे उठायचा, स्वच्छ पाणी गटारात ओतायचा, पंचा घडी करून आत ठेवायचा, आणि दिवसभर कोणाशी बोलायचा नाही. मे गेला, पावसाळा गेला, पीच संपले. तुम्हीच म्हणायचात ना, शिगे हल्ली तुसडा झालाय. चिडायला त्याला फक्त ते पाणी होतं.

नोव्हेंबरात पहिलं धुकं पडलं. त्या सकाळी तो दार उघडून बाहेर आला. टबातलं पाणी गढूळ होतं. पंचा ओला, आणि नीट घडी घातलेला.

आतून शेवयांचा वास येत होता. पहाटे कधी चूल न पेटवणारी बाई. दोन वाट्या मांडलेल्या. तोमिए बाईचा चेहरा इतका उजळला होता, की शिगेला क्षणभर वाटलं, ओळखलं तिनं. तो पुढे झाला.

तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "शिगे आलाय. वर झोपलाय. फार चाललाय हो तो."

शिगेनं जिन्याकडे बघितलं. आणि वर... माडीवर, तिच्या खोलीशेजारच्या खोलीत... कोणीतरी कूस बदलली. फळ्या करकरल्या.

तो जिना चढला नाही. अजूनही चढलेला नाही. दुकानात रॉकेलच्या डब्यांच्या मागे गादी टाकून झोपतो. पुढचा वसंत धरून चालू नका म्हणाले होते डॉक्टर. म्हातारी गुलाबासारखी झाली आहे. कालच मला खिडकीतून म्हणाली, या वर्षी मुलगा माझ्या शेजारी बसून मिरवणूक बघणार आहे.

त्या नोव्हेंबरातल्या सकाळी शिगेनं टब गटारावर उपडा केला तेव्हा तळाशी काहीतरी राहिलं. ते त्यानं एका औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलंय. मला दाखवलं. नदीची वाळू होती. आपल्या नदीची काळी असते, तुम्ही सगळे तिच्यात खेळलात. ही पांढरी होती.